माहितीचा अर्ज कुणाच्या दारी द्यायचा?

(धायरीतल्या बचत गटांच्या महिलांनी सामुदायिक रेडिओवर केलेलं भाषण)

 

आज आपण माहितीच्या अधिकाराबद्दल बोलणार आहोत. अर्ज कसा लिहायचा, दहा रुपयांचं तिकीट कुठे चिकटवायचं, हे पुष्कळ जणींनी ऐकलंय. पण आमच्या गटांच्या बैठकीत गाडी अडते ती त्याच्या आधीच. अर्ज द्यायचा कुणाला? ग्रामपंचायतीला देता येतो, हे ठाऊक आहे. पण पतसंस्थेला देता येतो का? मुलांच्या शाळेला? रेशन दुकानदाराला? ट्रस्टच्या दवाखान्याला? देवस्थानाला? पाण्याच्या टँकरवाल्याला? आणि शेवटी एक ताई हळूच विचारते, "अगं, आपल्या बचत गटाकडे कुणी अर्ज केला, तर आपल्याला उत्तर द्यावं लागेल का?"

या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एका शब्दात दडलंय. तो शब्द म्हणजे 'सार्वजनिक प्राधिकरण'. शब्द जड आहे, पण अर्थ साधा आहे. जनतेच्या अधिकारावर किंवा जनतेच्या पैशावर जी संस्था चालते, ती सार्वजनिक प्राधिकरण. अशा संस्थेने मागितलेली माहिती द्यायलाच हवी. बाकीच्यांवर हा कायदा थेट चालत नाही. थेट चालत नाही असं म्हटलं, कारण आडून जायची एक वाट याच कायद्यात आहे. ती वाट आज आम्हाला तुमच्यापर्यंत पोचवायची आहे.

आधी थोडं मागे जाऊ. हा कायदा कुणी आपणहून ताटात वाढला नाही. राजस्थानातल्या खेड्यांत दुष्काळी कामांवर राबणारे मजूर, त्यात कितीतरी बायका, म्हणू लागल्या की आमचा हजेरीपट आम्हाला दाखवा. १९९६ साली ब्यावर गावात त्यासाठी ४० दिवसांचं धरणं झालं. महाराष्ट्रात अण्णा हजारेंनी आंदोलनं केली, आणि आपल्या राज्याचा कायदा २००२ मध्ये आला. मग सगळ्या देशासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला. तो १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्णपणे लागू झाला, आणि त्याच दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. तेव्हा हा कायदा आपल्या मातीतला आहे, बरं का!

आता सार्वजनिक प्राधिकरण ओळखायचं कसं? कायद्याच्या दुसऱ्या कलमात त्याची व्याख्या आहे. ती आम्ही दोन प्रश्नांत सांगतो.

पहिला प्रश्न : या संस्थेला जन्म कुणी दिला? संविधानाने, संसदेच्या कायद्याने, विधानमंडळाच्या कायद्याने, किंवा सरकारच्या आदेशाने वा अधिसूचनेने ती स्थापन झाली असेल, तर ती सार्वजनिक प्राधिकरण. निवडणूक आयोग संविधानाने आला. ग्रामपंचायत १९५८ च्या कायद्याने चालते. जिल्हा परिषद आणि पंचायत समिती १९६१ च्या कायद्याने चालतात, आणि महानगरपालिका १९४९ च्या कायद्याने. तहसील, तलाठी, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, हे सगळे यात आले.

दुसरा प्रश्न : ही संस्था कुणाच्या मालकीची, कुणाच्या ताब्यात आणि कुणाच्या पैशावर चालते? सरकारची मालकी असेल, सरकारचं नियंत्रण असेल, किंवा सरकार तिला भरीव पैसा देत असेल, तर तीही सार्वजनिक प्राधिकरण. म्हणून महावितरण नावाने 'कंपनी' असली तरी यात येते, कारण ती राज्य सरकारच्या मालकीची आहे. आमच्याकडे धावणारी पीएमपीएमएलची बस हीसुद्धा कंपनीच, पण पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. बँक ऑफ महाराष्ट्र यात येते, खासगी बँक येत नाही. पाटीवर 'कंपनी', 'महामंडळ', 'सोसायटी', 'मिशन' काहीही लिहिलेलं असो, जन्मदाता आणि पैसा बघायचा.

आता हे आमच्या गावाच्या उदाहरणावरून बघू.

धायरी सिंहगडाच्या वाटेवर आहे. पूर्वी आमचं सगळं ग्रामपंचायतीत चालायचं. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह अकरा गावं पुणे महापालिकेत गेली. मग जून २०२१ च्या अखेरीस आणखी तेवीस गावं गेली. त्यात आमच्या शेजारची नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, नऱ्हे, खडकवासला ही गावं होती. गाव तेच राहिलं, पण जाब द्यायचं दार बदललं. ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे वर्ग झालं, तेव्हा जुन्या घरपट्टीचा उतारा किंवा जुन्या रस्त्याची निविदा मागायची तर अर्ज महापालिकेकडे. सातबारा मात्र आजही महसूल खात्याकडे, म्हणजे हवेली तहसीलकडे. तुमचं गाव उद्या नगरपंचायत झालं किंवा शहरात गेलं, तर हे लक्षात ठेवा. कार्यालय बंद होतं, पण त्याचं काम हाती घेणारं नवं कार्यालय उत्तराला बांधील असतं.

२०२५ च्या जानेवारीत आमच्या या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाच्या हातापायांतलं बळ जायचं. काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. पुणे परिसरात २०० हून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली, काही माणसं दगावली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या अन्नातून पोटात जातो. त्यामुळे सगळ्यांची नजर पाण्याकडे गेली. महापालिकेने ठिकठिकाणच्या पाण्याचे नमुने घेतले, खासगी टँकरवाल्यांना नोटिसा दिल्या, कितीतरी खासगी आरओ प्रकल्प बंद केले.

त्या दिवसांत घराघरात बायका पाणी उकळत होत्या आणि एकच विचारत होत्या : माझ्या हंड्यातलं पाणी चांगलं आहे की नाही, हे मला कोण सांगणार?

प्रश्न एकच, पण पाणी किती हातांतून येतं बघा. धरण जलसंपदा विभागाचं. तिथून पुढचं पाणी, नळ आणि सार्वजनिक विहीर महापालिकेची. टँकर काही महापालिकेचे, काही खासगी. वीस लिटरचा जार भरून देणारा आरओवाला खासगी. इमारत बांधणारा बिल्डर खासगी. रुग्ण नेला ते हॉस्पिटल खासगी. आणि नमुने तपासणारी पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था केंद्र सरकारच्या पैशावर चालणारी.

यातले जलसंपदा विभाग, महापालिका आणि विषाणू संस्था सार्वजनिक प्राधिकरणं. टँकरवाला, आरओवाला, बिल्डर आणि खासगी हॉस्पिटल नाहीत. तुम्ही टँकरवाल्याला माहितीच्या अधिकारात अर्ज दिलात, तर तो हसून घडी घालून ठेवून देईल, आणि कायदा त्याला काही म्हणणार नाही.

मग हात चोळत बसायचं का? नाही. इथेच ती आडवाट उपयोगी पडते. कायद्यात 'माहिती' कशाला म्हणायचं, तेही लिहिलंय. त्यात असं आहे की, दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारी कार्यालयाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीसुद्धा माहितीच आहे, आणि ती त्या कार्यालयाकडे मागता येते.

म्हणजे टँकरवाल्याला विचारायचं नाही. त्याला नोटीस कुणी दिली, त्याच्या पाण्याचा नमुना कुणी घेतला, त्याचा टँकर कुठल्या भरणा केंद्रावर भरला, त्याची नोंद कुणाकडे आहे, ते शोधायचं आणि त्या कार्यालयाला विचारायचं. बिल्डरने इमारतीच्या परवानगीच्या वेळी पाणी पुरवण्याबद्दल हमीपत्र लिहून दिलं असेल, तर ते परवानगीच्या फायलीत असतं. ती फाईल ज्या कार्यालयात, तिथे अर्ज. आमच्या एक काकू म्हणतात, "नाठाळ बैलाला काय विचारायचं? कासरा कुणाच्या हातात आहे ते बघ." आमच्या गटांत आता हाच शब्द रुळलाय. कुठलाही प्रश्न आला की आम्ही विचारतो, कासरा कुणाच्या हातात?

तुमच्या गावात जलजीवन मिशनची पाइपलाइन टाकली आणि नळाला पाणी नाही, तर ठेकेदार खासगी आहे. पण त्या कामाचं अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तक, दिलेली बिलं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला, हे सगळं ग्रामपंचायतीत किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात असतं. रेशन दुकानदार खासगी परवानाधारक आहे. पण त्याच्या दुकानाला किती धान्य आलं आणि किती वाटलं, याची नोंद तालुक्याच्या पुरवठा शाखेत असते, पुण्यासारख्या शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात असते. शिवाय राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ म्हणतो की रेशनच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवल्या पाहिजेत.

आता पतसंस्था. हा विषय आपल्या बायकांच्या फार जवळचा. दागिना मोडून, भिशी जमवून, लेकीच्या लग्नाला म्हणून ठेव ठेवलेली असते. मुदत संपते आणि संस्था म्हणते, पुढच्या महिन्यात या. मग कुणीतरी सांगतं, माहितीचा अधिकार टाका.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल आहे. केरळातल्या थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०१३ ला तो लागला. न्यायालय म्हणालं की सहकारी संस्था कायद्याखाली नोंदली गेली, एवढ्यावरून ती सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. निबंधक तिच्यावर देखरेख ठेवतो, पण देखरेख म्हणजे ताबा नाही. चौकातला पोलीस सगळ्या गाड्यांवर नजर ठेवतो, म्हणून गाड्या काही त्याच्या होत नाहीत, तसं. सरकारचा पैसाही थोडाफार असून चालत नाही. तो नसेल तर संस्था उभीच राहणार नाही, इतका तो असला पाहिजे.

तेव्हा सभासदांच्या भांडवलावर चालणारी पतसंस्था, विकास सोसायटी, दूध संस्था, गृहनिर्माण सोसायटी, यांच्यावर हा कायदा साधारणपणे थेट चालत नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की सहकारी संस्थांचा निबंधक मात्र सार्वजनिक प्राधिकरण आहे, आणि कायद्याने संस्थेकडून जी माहिती तो मागवू शकतो, ती नागरिकाला द्यायला तो बांधील आहे. म्हणजे कासरा सापडला! तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला उपनिबंधक. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल, त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल, चौकशीचे आदेश, हे तिथे मागायचं. साखर कारखान्याने उसाचे पैसे थकवले असतील, तर पुण्यातलं साखर आयुक्तालय आहे.

तुम्ही स्वतः सभासद असाल तर आणखी एक हक्क आहे, आणि त्याला माहितीचा अधिकार लागतच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभासदांची यादी, सभांचं इतिवृत्त आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात बसून फुकट बघता येतात. लेखी मागणी करून, फी भरून प्रती मिळतात. काउंटरवरचा मुलगा म्हणेल, असं काही नसतं. त्याला शांतपणे सांगायचं, "कलम ३२ काढून बघ बाळा."

मायक्रोफायनान्स कंपनीचंही असंच. ती खासगी आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज घेणाऱ्या बाईला तिला समजणाऱ्या भाषेत कर्जाचं कार्ड मिळायला हवं, आणि व्याज व शुल्क मांडलेला कागद मिळायला हवा. तो आपला ग्राहक म्हणून हक्क. कासरा रिझर्व्ह बँकेच्या हातात.

आता शाळा, दवाखाने आणि देवस्थानं. इथे सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, पैसा बघावा लागतो. १७ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात निकाल दिला. सरकारकडून भरीव पैसा घेणाऱ्या खासगी संस्थाही या कायद्यात येतात, असं त्यात सांगितलं. भरीव म्हणजे निम्म्याहून जास्तच पाहिजे, असंही नाही. शहरातली मोक्याची जमीन सरकारने फुकट किंवा फार स्वस्तात दिली असेल, तर तीसुद्धा मदतच धरली जाऊ शकते.

म्हणून ज्या अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं, तिथे थेट अर्ज करता येतो. विनाअनुदानित शाळेच्या बाबतीत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं. आरटीईच्या २५ टक्के जागांवर किती मुलं घेतली, शाळेला मान्यता कधी मिळाली, तपासणीत काय आढळलं, हे कागद तिथे असतात.

दवाखान्यांत धर्मादाय रुग्णालय ही वेगळी जात आहे. उच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. ट्रस्टची नोंदणी आहे म्हणून रुग्णालय आपोआप सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. पण धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, आणि या योजनेवर लक्ष ठेवणं त्याचं काम आहे. त्या खाटांचा आणि गरिबांसाठीच्या निधीचा हिशोब तिथे मागायचा.

देवस्थानांचंही तसंच. शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ चा खास कायदा आहे, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० चा, पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा. विधानमंडळाच्या कायद्याने ज्यांचा कारभार उभा राहिला, ती सार्वजनिक प्राधिकरणं. गावातल्या साध्या नोंदणीकृत ट्रस्टच्या मंदिराला हे लागू होत नाही. तिथे पुन्हा धर्मादाय कार्यालय.

काही संस्थांचा वाद अजून मिटलेला नाही, तेही सांगायला हवं. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सांगितलं की सहा राष्ट्रीय राजकीय पक्ष सार्वजनिक प्राधिकरण आहेत. पक्षांनी ते मानलं नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पीएम केअर्स निधीबद्दल पंतप्रधान कार्यालयाने २०२० मध्ये उत्तर दिलं की तो सार्वजनिक प्राधिकरण नाही. त्यावरूनही लोक न्यायालयात गेले. मोठमोठ्यांना या व्याख्येच्या बाहेर राहावंसं वाटतं, यावरूनच कळतं की व्याख्येत केवढं बळ आहे.

मग आपल्या गावातली एखादी संस्था म्हणाली, "आम्ही या कायद्यात येत नाही," तर? संस्थेने म्हटलं म्हणून ते खरं होत नाही. ते माहिती आयोग ठरवतो. पण तिला सरकारचा पैसा मिळतो, हे दाखवायचं काम अर्ज करणाऱ्यावर येतं. त्यासाठी आधी सरकारी खात्याकडे अर्ज करायचा : या संस्थेला मागच्या पाच वर्षांत किती अनुदान दिलं, जमीन कुठल्या अटीवर दिली, त्या आदेशांच्या प्रती द्या. ते कागद हातात आले की आयोगापुढे आपली बाजू बळकट होते.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येऊ. आपला बचत गट यात येतो का? गट आपल्या बचतीवर चालतो, त्याला कुठल्या कायद्याने जन्म दिलेला नाही. फिरता निधी मिळाला तरी गटाचा प्राण आपली बचतच असते. त्यामुळे थलप्पलमची कसोटी लावली तर साधा गट यात बसत नाही. पण माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, सरकारचं आहे. उमेद अभियान सरकारचं आहे. ती दोन्ही यात येतात. आणि गटाने अंगणवाडीच्या आहाराचं किंवा शाळेच्या खिचडीचं सरकारी काम घेतलं असेल, तर त्याचा करार आणि बिलं सरकारी कार्यालयात असतात. ती कुणीही मागू शकतं. मागू दे! आपली वही स्वच्छ असली की भ्यायचं कशाला? उलट आम्ही ठरवलंय की कायदा सांगो न सांगो, गटाचा हिशोब दर महिन्याला बैठकीत मोठ्याने वाचायचा. दुसऱ्याकडे हिशोब मागणाऱ्या बाईचा स्वतःचा हिशोब आधी उघडा हवा.

आता अर्जाचं थोडक्यात सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

महाराष्ट्रात अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी माफ आहे, दाखल्याची प्रत जोडायची. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. कुणी विचारलं तरी सांगायचं बंधन नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

'का' आणि 'कशासाठी' असे प्रश्न अर्जात लिहू नका. "पाणी घाण का येतं?" याचा कागद कार्यालयात नसतो. कागद मागा. आमच्या पाण्याच्या प्रश्नावर अर्ज असा होईल : "धायरी भागात १ जानेवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात घेतलेल्या पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांच्या तपासणी अहवालांच्या प्रती, आणि याच काळात या भागातील खासगी टँकर व आरओ प्रकल्पांना दिलेल्या नोटिसांच्या प्रती मिळाव्यात." बस्स, एवढंच. रुग्णांची नावं, त्यांचे आजार मागायचे नाहीत. ती त्यांची खासगी गोष्ट.

दार थोडं चुकलं तरी घाबरू नका. महापालिकेला दिलेल्या अर्जातली माहिती जलसंपदा विभागाकडे असेल, तर महापालिकेने तो अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. पण हे फक्त एका सार्वजनिक प्राधिकरणाकडून दुसऱ्याकडे होतं. खासगी माणसाला दिलेला अर्ज कुणी पुढे पाठवत नाही. म्हणून आधी कासरा शोधायचा.

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. प्रतीला पानामागे २ रुपये. मुदत टळली तर तीच माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आपल्या भागासाठी आयोगाचं खंडपीठ पुण्यातच आहे. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो त्याच्या खिशातून जातो.

आणि एक सोपी गोष्ट. अर्जाशिवायही फाईल बघता येते. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी लोकांना कागद बघू द्यायची पद्धत सुरू झाली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांसाठी आणि स्थानिक संस्थांसाठी तसा आदेश काढला. सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून जा. चौघी समोर बसल्या की कपाटाची किल्ली लवकर सापडते!

मैत्रिणींनो, या आठवड्यात प्रत्येक गटाने एक काम करा. वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला गावातल्या ज्या ज्या ठिकाणी आपला पैसा, आपलं पाणी, आपलं धान्य, आपली मुलं गुंतलेली आहेत, त्यांची नावं लिहा. पतसंस्था, रेशन, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणी योजना, दूध डेअरी. उजव्या बाजूला प्रत्येकासमोर दोनपैकी एक लिहा : 'थेट अर्ज', किंवा त्याचा कासरा ज्या कार्यालयाच्या हातात आहे त्याचं नाव. ते पान बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवा. गरज पडेल त्या दिवशी धावाधाव करावी लागणार नाही.

पाणी उकळून प्या, कागद जपून ठेवा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. धायरीच्या तुमच्या मैत्रिणींचा नमस्कार.